रुमालाखालची अमेरिका

कापसाच्या बाजारात भाव तोंडाने सांगत नाहीत. दलाल हातावर रुमाल टाकतो, व्यापाऱ्याचा हात त्याखाली घेतो, आणि व्यापारी जितकी बोटं धरतो तितका त्याचा भाव. भोवती दहा माणसं उभी असतात. त्यांना रुमाल दिसतो, बोटं दिसत नाहीत. मग तोच रुमाल विकणाऱ्याकडे जातो. दोघांची बोटं जुळली की सौदा बसला, नाही जुळली तर गाडी उभीच. कोणी किती धरली होती हे दलालाने मरेपर्यंत सांगायचं नाही, एवढी एकच अट. पाचोऱ्याच्या बाजारात मी ती बावीस वर्षं पाळली.

त्यात एकदाच रुमालाखाली कापूस नव्हता. त्या दिवसाची बोटं आज लिहून ठेवतो, याचं कारण असं की ज्यांची ती होती त्यांनीच पुढे वर्षभर ती गावाला सांगितली, आणि तिघांनी मिळून एकही खरं सांगितलं नाही. खोटी नोंद एवढी फिरत असेल, तर खरी कुठेतरी असलेली बरी.

निंबा नाना पाटलांचं गाव पाचोऱ्यापासून तीन कोसांवर, गिरणा नदीच्या अलीकडे. घर दोन भावांचं. थोरले झुलाल आबा, धाकटे निंबा नाना. बोलायचं काम आबांचं, ऐकायचं नानांचं. कापसाची गाडी बाजारात येते तेव्हा आबा वर बसलेले असतात आणि नाना बैलांबरोबर चालत असतात, त्यावरून घरचा कारभार ओळखावा. आबांना मूलबाळ नाही. नानांना एक मुलगा, गिरधर, तो दोघांचा मिळून एक.

सन शेहेचाळीसच्या उन्हाळ्यात गिरधर पुण्याच्या शेतकी कॉलेजातून बी. एस्सी. होऊन घरी आला. त्याच्या मागोमाग दोन पत्रं आली. पहिलं लांब पाकीट, दिल्लीहून. सरकार शिकलेली मुलं परदेशी पाठवत होतं, त्यांत गिरधरची निवड झाली होती. अमेरिकेत टेक्सास म्हणून कापसाचा मुलूख आहे, तिथे दोन वर्षं राहून एम. एस. करायचं, जाण्यायेण्याचा, राहण्याचा सगळा भार सरकारवर. बापलेकांनी करारावर सह्या करून तो वीस जूनच्या आत पोचवायचा. दुसरं साधं कार्ड, पुण्याच्या प्राध्यापकांचं. तिथेच एम. एस्सी. साठी त्यांच्या हाताखाली एक जागा होती. निम्मं काम पुण्यात, निम्मं जळगावच्या सरकारी कापूस फार्मवर. मागणारे तिघे होते. तुझ्यासाठी वीस जूनपर्यंत थांबतो, पुढे थांबणार नाही, असं त्यांनी लिहिलं होतं.

दोन्हीकडे दोन वर्षं, दोन्हीकडे कापूस, दोन्हीकडे वीस जून. एवढी सारखी पारडी मी धंद्यातसुद्धा पाहिली नाहीत.

पाकीट आलं त्याच्या दुसऱ्या दिवशी ही बातमी पाचोऱ्यात मला कळली, कारण आबा ती सांगायला मुद्दाम आले होते. बाजार बंद होता, गाडीत माल नव्हता, आबा नुसतेच आले.

"तोताराम, आपला गावमातून आजलगून कोनी मुंबईना पल्याड गया नही," ते म्हणाले. "आमना गिरधर समुद्र वलांडी जाई. लिखी ठेव."

"लिहितो," मी म्हटलं. "पण आबा, पुण्याचंही पत्र आलंय म्हणतात."

"पुनं काय, पुन्याले तर आमना गावना न्हावीबी जाई उना."

हे त्यांनी माझ्याकडे, मग शेजारच्या पेढीवर, मग टांग्याच्या अड्ड्यावर आणि शेवटी स्टेशनमास्तरला सांगितलं. म्हणून मी मनातल्या मनात आबांच्या नावापुढे अमेरिका मांडून ठेवली.

आठवड्याने धुळ्याहून रुपचंद वकील आले. हे गिरधरचे मामा. धुळ्याहून चाळीसगावला गाडी बदलून पाचोऱ्याला उतरायचं आणि माझ्या पेढीवर पाणी पिऊन पुढे बैलगाडीने बहिणीकडे जायचं, असा त्यांचा शिरस्ता. पाणी पितानाच त्यांनी मला तीन मुद्दे सांगितले. एक, बाहेरची डिग्री आली की इथली खुर्ची आपोआप पुढे सरकते. दोन, स्वराज्य येणार आहे, तेव्हा साहेबांच्या जागा कोणाला मिळणार? तीन, पुण्याची पदवी दरवर्षी आठ-दहा जणांना मिळते, टेक्सासची साऱ्या खानदेशात एकालाही नाही. मुद्दे बिनतोड होते. चौथा मुद्दा त्यांनी सांगितला नाही, पण तो मला ठाऊक होता. त्यांची इंदिरा सतरा वर्षांची झाली होती, मामाची मुलगी करण्याची चाल आमच्याकडे आहेच, आणि वकीलसाहेबांची नजर गिरधरवर होती. मी त्यांच्याही नावापुढे अमेरिका मांडली, पण पेन्सिलने.

निंबा नानांचं मत विचारणं म्हणजे विहिरीत डोकावणं. आपलंच तोंड दिसतं. गिरधरने विचारलं, मी विचारलं, वकिलांनी विचारलं. तिघांना एकच उत्तर.

"बठ्ठा म्हनतीन तसं." बठ्ठा म्हणजे सगळे, आणि त्यांत नाना स्वतःला कधी धरत नसत.

राहिली गिरधरची आई, यशोदाबाई. तिला कोणी काही विचारलंच नाही, कारण अमेरिका हा शब्द निघाला की ती डोळ्याला पदर लावायची आणि आत जायची. भाकरी थापताना रडायची, गाईला पाणी दाखवताना रडायची. एवढ्या स्वच्छ उत्तरावर आणखी काय विचारायचं? तिच्या नावापुढे सगळ्या गावाने पुणं मांडलं. मीही.

जूनच्या दहा-बारा तारखेला गिरधर सायकलवरून पेढीवर आला. अंगाने किरकोळ, बोलण्यात हळू, पण नजर बी निवडणाऱ्याची. बसला आणि बराच वेळ माझ्या पेढीवरचं कापसाचं बोंड उसवत राहिला.

"तोताभाऊ, घरात कोणी खरं बोलत नाही," तो म्हणाला.

"घराघरात तसंच असतं. तू पुण्याला होतास म्हणून तुला उशिरा कळलं."

तो हसला नाही. "आबा अमेरिका म्हणतात ते मला सांगतात की गावाला, तेच कळत नाही. मामा बोलतात तेव्हा कोर्टात बसल्यासारखं वाटतं. नाना बोलतच नाहीत. मी गेलो तर मागे ही माणसं काय धरून बसणार आहेत, ते मला आधी कळायला हवं."

"आणि तुझं स्वतःचं?"

तेव्हा त्याने जे सांगितलं ते त्याने घरी कोणालाच सांगितलं नव्हतं. घरी ते समजलं नसतं, अशी त्याची समजूत.

दोन वर्षांमागे त्यांच्या नदीकडच्या शेतात कपाशीला मर लागली होती. मर म्हणजे उभं झाड आठ दिवसांत सुकून जातं. आख्खा पट्टा वाळला, त्यात चौदा झाडं हिरवीच राहिली. सुटीत आलेल्या गिरधरने ती हेरली आणि प्रत्येकाचा कापूस वेगळा वेचून वेगळ्या गाठोड्यात ठेवला. त्यातली तीन गाठोडी आबांनी गाडीत भरून बाजारात आणली. कापूस तो कापूस, घरात कशाला पडू द्यायचा? तो माल घेतला कोणी, तर मी. चौदाची अकरा झाली ती अशी, आणि त्या पापात माझाही वाटा आहे.

मागच्या वर्षी गिरधरने त्या अकरांचं बी अकरा ओळींत पेरलं. आता एका ओळीचा पराग दुसरीला लागला की सगळी मेहनत मातीत. म्हणून उद्या फुलणारी कळी आज संध्याकाळी टोकाशी दोऱ्याने बांधायची. बांधलेली कळी उघडत नाही, आपल्याच परागावर फळते. बोंड धरलं की दोरा तसाच राहतो, आणि वेचताना दोरा असलेली बोंडंच बियाण्याला घ्यायची. असं रोज संध्याकाळी, चाळीस दिवस. त्या वेळी कॉलेज चालू होतं, म्हणून त्याने भिकन सालदाराला हे शिकवलं, त्याच्या हातात पांढऱ्या दोऱ्याचं रीळ दिलं आणि पुणं गाठलं. भिकनने काम चोख केलं. बी अकरा डब्यांत भरून ठेवलं होतं आणि पंधरा दिवसांवर पेरणी होती.

"पुण्याला राहिलो तर याच झाडांवर प्रबंध लिहीन," गिरधर म्हणाला. "जळगावहून शनिवारी-रविवारी शेतावर येता येईल. पण ही झाडं का मरत नाहीत, ते माझ्या सरांनाही ठाऊक नाही. ते शोधायची विद्या तिकडे आहे. आणि तिकडे गेलो तर दोन हंगाम या ओळी कोण सांभाळणार? भिकनला हात आहे, पण तो सालदार. साल संपलं की दुसऱ्याकडे जाईल. आबांना तर तुम्ही ओळखता."

म्हणजे सगळं घर समुद्र, जेवण आणि गोऱ्या मडमा यांवर भांडत होतं आणि पोराचं घोडं अकरा डब्यांपाशी अडलं होतं.

"मग माझ्याकडे काय काम?"

"कॉलेजात आम्ही दोन वाणांची तुलना करतो तेव्हा वाफ्यांना नुसते आकडे देतो," तो म्हणाला. "कुठला वाण कुठे आहे ते बघणाऱ्याला ठाऊक नसतं. नाहीतर डोळा खोटं बघतो. तसं काही करता येईल का? तुम्ही रुमाल घेऊन या. एक बोट पुणे, दोन बोटं अमेरिका."

मी बावीस वर्षांत पुष्कळ माल रुमालाखाली घातला होता, पण शिकलेला पोरगा घातला नव्हता. येतो म्हटलं.

सोळा जूनला तिसऱ्या प्रहरी त्यांच्या ओट्यावर बसलो. वकील पुन्हा आले होते. गिरधरने सगळ्यांना रीत सांगितली. आबांना ती फार आवडली. बाजारातलं काहीही घरी आलं की त्यांना आवडतं. वकिलांना आवडली नाही.

"धुळ्याला हे मार्केट कमिटीने केव्हाच बंद केलं," ते म्हणाले. "तिथे उघडा लिलाव असतो. जे बोलायचं ते तोंडाने."

"तोंडाने बोलून झालंय, साहेब," मी म्हटलं. "महिना झाला."

पहिला हात आबांचा. रुमालाखाली हात घालता घालताही ते बोलतच होते: अमेरिकेलेच धाडाना शे, गावनं नाव व्हई, असं तसं. आणि बोलता बोलता त्यांनी माझं एक बोट धरलं. एकच. नुसतं धरलं नाही, घट्ट आवळलं, आणि सोडेनात. तोंड अमेरिकेत आणि मूठ पुण्यावर. सत्तरीच्या माणसाला दोन वर्षं म्हणजे किती, याचा हिशेब त्यांनी एकट्याने करून ठेवला होता, आणि तो टांग्याच्या अड्ड्यावर सांगायचा नव्हता. मी तोंडावर काही दिसू दिलं नाही. ते तर माझ्या पोटापाण्याचं काम.

दुसरा हात वकिलांचा. त्यांनी दोन बोटं धरली. मग सोडली. मग एक धरलं. तेही सोडलं. मी म्हटलं, "साहेब, तारीख पुढची नाही मिळत." सगळे हसले. वकील हसले नाहीत, त्यांनी एक बोट धरलं आणि हात काढून घेऊन खिशातल्या रुमालाने पुसला. इंदिरा सतराची होती. दोन वर्षांनी एकोणीसची झाली असती, आणि टेक्सासहून आलेल्या मुलाने कोणाला होय म्हटलं असतं ते कोणी सांगावं?

तिसरा नानांचा. त्यांनी माझा आख्खा पंजाच धरला.

"नाना, पाचाचा भाव नाही."

"बठ्ठा काय म्हनतस?"

"ते सांगायचं नसतं."

नानांनी दाराकडे पाहिलं. दाराआड यशोदाबाई उभी होती, आणि पदर डोळ्यालाच होता. नानांनी ते पाहिलं आणि एक बोट धरलं. त्यांच्यापुरता प्रश्न तिथेच मिटला.

तीन हात, तिन्ही पुणे. मी रुमाल झटकला. आता गिरधरचा हात घ्यायचा, तोही बहुधा एक धरणार, आणि सौदा बसणार. इतक्यात यशोदाबाई उंबरा ओलांडून ओट्यावर आली.

"मनाबी हात ल्या, तोताभाऊ."

आबा म्हणाले, "बाया कधळपाईन सौदामा बसाले लागन्यात?"

"पोऱ्या काय कपाशीनी गाडीमा उना व्हता का?" ती म्हणाली. आबांशी ती डोक्यावरचा पदर पुढे ओढून, तोंड वळवून बोलते, पण बोलते.

मला सुचलं ते एवढंच, की बाईचा हात रुमालाखाली मी कधी घेतलेला नाही. पण तिचं माहेर माझ्याच गावचं, राखीला ती मला भाऊ म्हणून नारळ देते. मी म्हटलं, "ये अक्का, बस." ती बसली नाही. उभ्यानेच हात घातला आणि दोन बोटं धरली.

मला वाटलं, चुकून. मी हात जरा सैल केला. तिने पुन्हा दोनच धरली, आणि चांगली दाबून. तिच्या अंगठ्याच्या आणि पहिल्या बोटाच्या पेरावर मला आडव्या बारीक चिरा लागल्या. जुन्या, भरून निबर झालेल्या. भाकरीच्या चटक्याच्या नव्हेत, विळ्याच्याही नव्हेत. कापूस वेचणाऱ्या बायकांच्या बोटांना बोंडाची टोकं टोचतात, त्या खुणा वेगळ्या. बावीस वर्षं मी हातच वाचतो आहे. या खुणा मला नवीन होत्या.

मग गिरधरचा हात घेतला. त्याने एक बोट धरलं. पुणे. हात थंडगार. त्याने डोळे वर केले नाहीत.

आबांनी विचारलं, "सांग, काय व्हयनं?"

हिशेबाने पाहिलं तर चाराला एक. इलेक्शन असतं तर तिथेच संपलं असतं. पण रुमालाची रीत इलेक्शनची नव्हे. सगळे हात जुळल्याशिवाय सौदा बसत नाही. कोणाचं किती ते सांगायचं नाही, पण बसला की नाही ते सांगावंच लागतं.

"बसला नाही," मी म्हटलं. "एक हात वेगळा आहे. ज्याचा असेल त्याला काही बोलायचं असेल तर त्याने बोलावं. नसेल तर मी रुमाल घडी करून घरी जातो."

आबा वकिलांकडे बघू लागले, वकील आबांकडे, नाना जमिनीकडे. प्रत्येकाला वाटलं, आपण सोडून सगळ्यांनी दोन धरली आणि वेगळा निघाला तो आपणच. तिघेही सापडलेल्या चोरासारखे बसले. असं दृश्य बाजारात पाहायला मिळत नाही.

"मना शे तो हात," यशोदाबाई म्हणाली. "दोन धर्‍यात."

गिरधरने मान वर केली. "माय, तू?"

"हा, मी. तू बठ्ठासले इचारं. नानाले, आबासले, मामाले, या तोताभाऊले. माले इचारं का?"

"तू रडत होतीस."

"रडत व्हती. मुकी व्हती का?"

ती आत गेली आणि एक जुनं लुगडं घेऊन आली. अंजिरी रंगाचं, त्याचा लाल काठ एका बाजूने पार उसवून काढलेला. ते तिने गिरधरच्या मांडीवर टाकलं.

"वळख."

तो लुगडं हातात घेऊन बसला. मग त्याच्या तोंडाचा रंग बदलला.

यात काय होतं ते मला त्याने नंतर नीट सांगितलं. दिवाळीनंतर तो कापूस वेचायला आला तेव्हा ओळींत थोड्या बोंडांवर पांढरा दोरा होता आणि बाकी सगळीकडे लाल. पांढरं रीळ कुठे विकलंस, म्हणून तो भिकनला बोलला होता. बिचारा काय सांगणार?

"भिकन फुलेल फुले बांधे," यशोदाबाई म्हणाली. "फुली गयं त्ये बांधीसन काय उपेग? मी एक सांजले गऊ तवय दखं. त्याले सांगं, तू बैल दख, हाई मी करसू. तुना दोरा बारा दिनमा सरी गया. मंग काठ उसव्या."

"कळी कोणती उद्या फुलायची, ते तुला कसं कळायचं?"

"कपाशीमा मनं आखं आयुष्य गयं. माले नही कळी, ते काय तुना मास्तरले कळी?"

गिरधरने विचारलं, चाळीस दिवस? ती म्हणाली, दिवस मोजले नाहीत, कळ्या येत होत्या तोवर गेले. त्याने विचारलं, दोन वर्षं जमेल? पहिल्या पावसाला पेरणी, ओळी वेगळ्या, वेचणी वेगळी, डबे वेगळे? तो आता मुलगा राहिला नव्हता, कॉलेजातली तोंडी परीक्षा घेणारा झाला होता. तिने एकेक उत्तर दिलं. डबे ती आपल्या फडताळात ठेवणार होती, किल्ली कमरेला.

"आबासनी बाहेरनी गाडी भरानी," ती तोंड वळवून म्हणाली. "फडताळकडे येवानं नही."

तीन गाठोड्यांची तिलाही माहिती होती तर. आबांनी मोठ्या गंभीरपणे मान हलवली, जणू ही अट त्यांनीच घातली होती.

गिरधर बराच वेळ लुगड्याच्या उसवलेल्या काठावरून बोट फिरवत राहिला. मग त्याने ते घडी करून बाजूला ठेवलं आणि माझ्याकडे हात पुढे केला.

"पुन्हा घ्या, तोताभाऊ."

मी रुमाल टाकला. त्याने दोन बोटं धरली. या खेपेला हात गरम होता.

रीतीप्रमाणे मग बाकीच्या तिघांकडेही पुन्हा गेलो. आबांनी दोन धरली, सावकाश, एकेक बोट मोजून. वकिलांनी लगेच दोन धरली. बहिणीचा रंग पाहून त्यांनी आपला अशील बदलला असावा. नानांनी या वेळी कोणाकडे पाहिलं नाही. दोन धरली, आणि हात काढण्याआधी माझ्या मनगटावर एकदा थाप मारली. त्यांचं एवढं लांब भाषण मी आधी ऐकलेलं नव्हतं.

"बसला," मी म्हटलं.

नानांनी करारावर सही केली. पुण्याच्या सरांना गिरधरने स्वतः पत्र लिहिलं आणि ते टाकायला माझ्याच पेढीवर आला. जागा दुसऱ्याला द्यावी, आणि दोन वर्षांत शक्य झालं तर एकदा आमच्या शेतावर येऊन अकरा ओळी पाहाव्यात, असं त्यात होतं. ओळी पाहायला कोणाला भेटायचं तिथे त्याने आईचं नाव घातलं होतं, पूर्ण, आडनावासकट. ऑगस्टच्या शेवटी तो मुंबईहून बोटीने गेला. यशोदाबाई पाचोरा स्टेशनापर्यंत आली होती आणि गाडी हलेपर्यंत रडत होती. संध्याकाळच्या आत शेतावर पोचायचं म्हणून मग तिने नानांना घाई करून गाडी जुंपायला लावली. पहिल्या कळ्या यायला लागल्या होत्या.

बोटांचं पुढे असं झालं. आबा सगळ्यांना सांगतात, पहिल्या फेरीत दोन बोटं मीच धरली, बाकीचे पुण्यावर होते. वकील धुळ्याच्या बाररूममध्ये आपल्याबद्दल हेच सांगतात. नानांना कोणी विचारलं तर ते म्हणतात, बठ्ठासनी धर्‍यात तितल्या. तीन माणसं, तीन नोंदी, आणि खरं काय ते ठाऊक असलेला दलाल अटीने बांधलेला. ती अट आज मोडली. आबांनी हे वाचलं तर ते यंदाचा कापूस दुसऱ्या दलालाकडे नेतील. न्यावा. फडताळातला सोडून.

हे लिहितो आहे तो सत्तेचाळीसचा ऑक्टोबर. स्वराज्य येऊन दोन महिने झाले. गिरधर यायला अजून वर्ष आहे. अकरा ओळींतली एक ओळ गेल्या वर्षी रानडुकरांनी उपटली, दहा आहेत. गिरधरची पत्रं येतात. तिकडे कळीला तारेचं बारीक कडं घालतात, ते आईने वापरून पाहावं म्हणून त्याने चित्र काढून पाठवलं. आईने चित्र पाहिलं, देवापाशी ठेवलं, आणि आणखी एका लुगड्याचा काठ उसवला.

परवा गावाकडे गेलो तेव्हा ती शेतातच होती. वाकून कळ्या चाचपत होती, घट्ट त्या सोडत होती, सैल पडलेल्या बांधत होती. मी बांधावर बसलो. वर्षभर मनात राहिलेलं विचारून टाकलं.

"अक्का, दोन बोटं धरायची होती, तर महिनाभर रडत कशाला होतीस? सगळ्या गावाने तुला पुण्याला बसवलं होतं."

तिने दोऱ्याचं टोक दातात धरलं होतं, ते काढलं.

"रडू ई राहिनं व्हतं, म्हनीसन रडनू," ती म्हणाली. "तेनामुळे पोऱ्यानी जावानं नही का?"

आणि पुढच्या झाडाकडे गेली.